नाकातलं इम्प्लांट काढायचंय? आधी कागद, मग डॉक्टर, आरसा सगळ्यात शेवटी

मला याबद्दल विचारणाऱ्या बहुतेक जणींचा पहिला प्रश्न असतो, 'कुठे काढतात आणि किती घेतात?' आणि क्रम इथेच चुकतो. नाक उंच दिसावं म्हणून बसवलेलं सिलिकॉनचं साधं इम्प्लांट काढणं हे तसं छोटं काम, बऱ्याचदा नाकाच्या आतून चीर देऊन तासाभरात होऊन जातं. घोळ होतो तो त्याच्या आधीच्या महिन्यात आणि नंतरच्या तीन महिन्यांत. नाकात नक्की काय बसवलंय ते माहीत नसताना तारीख घेतात, काढल्यावर पुढे काय ते न ठरवता टेबलावर झोपतात आणि मग तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर रडत बसतात. यातलं शेवटचं मी पण केलंय. मी गोव्यातल्या डिचोलीची, माझं इम्प्लांट पाच वर्षं होतं, काढून आता दोन वर्षं होत आली. डॉक्टर नाही, त्यामुळे खाली औषधांची नावं असली तरी डोस नाहीत, तो तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचा.

टप्पे क्रमानेच घ्या. उडी मारायची मुभा एकाच केसमध्ये आहे, ती आधी सांगते.

आधी हे बघा: थांबायला वेळ आहे का?

नाकाचा शेंडा किंवा वरची रेघ लाल झालीय, हात लावला तर गरम लागतंय, ठणकतंय, आतून पू किंवा घाण वासाचं पाणी येतंय, किंवा शेंड्याच्या कातडीतून पांढरट काहीतरी दिसायला लागलंय, तर पुढचं काही वाचत बसू नका. आजच प्लॅस्टिक सर्जन किंवा ईएनटीकडे जा. रात्र असेल, जवळ कोणी नसेल तर बांबोळीला जीएमसीच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीला जा, आणि तिथे 'नाकाला इन्फेक्शन झालंय' एवढंच सांगू नका, 'नाकात इम्प्लांट आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. डोळा सुजला, दोन-दोन दिसायला लागलं, ताप आणि जबरदस्त डोकेदुखी आली तर सरळ १०८. नाक आणि वरच्या ओठाकडच्या शिरा आत मेंदूकडच्या शिरांना जोडलेल्या असतात, म्हणून इथलं इन्फेक्शन अंगावर काढायचं नसतं.

इथे होणारी ठरलेली चूक म्हणजे फार्मसीतून अँटिबायोटिक आणून पाच दिवस खाणं. लाली कमी होते, आपल्याला वाटतं झालं बरं, आणि दोन आठवड्यांनी परत तेच. इम्प्लांटला रक्तपुरवठा नसतो, जंतू त्याच्यावर थर करून बसतात आणि गोळी तिथपर्यंत नीट पोचतच नाही. दर वेळी कातडी थोडी अजून पातळ होते. कातडी फुटून इम्प्लांट बाहेर यायच्या आधी काढलं तर व्रण नाकाच्या आत राहतो, नंतर काढलं तर तो शेंड्यावर, जन्मभर.

हे काहीच नसेल तर तुमच्याकडे वेळ आहे, आणि तो वापरा.

१. नाकात नक्की काय आहे ते शोधा

हसू नका, खूप जणींना हे माहीतच नसतं. 'नाक केलं' एवढंच ठाऊक असतं.

नुसतं इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात घरी पाठवलं असेल तर ते बहुतेक फिलर, म्हणजे कातडीखाली भरलेलं जेल. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवायचं दुसरं इंजेक्शन मिळतं, ऑपरेशनची गरज नसते. धागे घातले असतील तर ती वेगळी गोष्ट. आणि कुठल्या पार्लरवजा ठिकाणी पातळ सिलिकॉन टोचलं असेल तर तो सगळ्यात कटकटीचा प्रकार, कारण ते मांसात पसरतं, तुकडा पकडून बाहेर ओढता येत नाही. यातलं काहीही असलं तर हा लेख तुमच्या अर्ध्याच कामाचा.

घन इम्प्लांटचे तीन प्रकार नेहमी दिसतात. सिलिकॉन गुळगुळीत असतं, शरीर त्याच्याभोवती एक पातळ पिशवी तयार करतं, त्यामुळे ते सहसा सरकून निघतं. गोरटेक्सला बारीक छिद्रं असतात, आजूबाजूचं मांस थोडं आत शिरतं, काढताना सोडवत सोडवत काढावं लागतं. मेडपोर कडक आणि त्याची छिद्रं मोठी, मांस आतपर्यंत वाढून बसलेलं असतं, ते काढायला वेळ लागतो आणि वरच्या कातडीला धक्का लागू शकतो. म्हणजे मैत्रिणीचं अर्ध्या तासात निघालं म्हणून तुमचं पण निघेल असं धरून चालायचं नाही.

आकारही विचारा. नुसती सरळ पट्टी आहे की खाली दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबात उतरणारा पाय पण आहे? पायवाल्या प्रकारात शेंड्यावर ताण जास्त असतो.

कागद कसे मिळवायचे: जिथे बसवलं तिथे लेखी अर्ज द्या, ईमेल असेल तर उत्तम. भारतात डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने मागितलेले रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचे असतात, पण ते जपून ठेवायची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचीच आहे. मी पाच वर्षांनी मागायला गेले, काउंटरवरच्या बाईने मान हलवली आणि विषय संपला. माझं नशीब की तेव्हा भावाने डिस्चार्जच्या दिवशी फाइलचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले होते, त्यात इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर होता, कंपनी, साइज, लॉट नंबर सगळं. तेव्हा ज्यांना अजून तीन वर्षं झाली नाहीत त्यांनी काढायचा विचार नसला तरी आजच कागद मागून ठेवा.

कागद नाहीच मिळाले तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बराच अंदाज येतो. पण तो डॉक्टरांनी सांगितल्यावर करा, आधीच स्वतः जाऊन पैसे घालवू नका.

*तपासा: ऑपरेशनची नोट, इम्प्लांटचा प्रकार आणि आकार, बसवल्याची तारीख, आणि नाक करायच्या आधीचे तुमचे समोरून आणि बाजूने काढलेले फोटो. एवढं एका फोल्डरमध्ये असेल तरच पुढे.*

२. का काढायचंय ते एका कागदावर लिहा

'ठराविक वर्षांनी काढावंच लागतं' असं कोणीतरी सांगितलं म्हणून काढत असाल तर थांबा. नाकातल्या इम्प्लांटला दुधाच्या पिशवीसारखी तारीख नसते. काही त्रास नसेल, कातडी जाड आणि थंड असेल, तर ते आत आहे एवढ्यावरून काढायलाच हवं असं काही नाही.

काढायची पक्की कारणं वेगळी. वाकडं झालंय, बोटाने हलतंय, एसीत किंवा थंडीत रेघ लाल दिसते, शेंड्यावर कातडी ताणून चकाकते, नाक वर ओढलं जाऊन आखूड व्हायला लागलंय, वर खडबडीत लागतंय (जुन्या सिलिकॉनवर चुना साठतो तसा थर धरू शकतो), सारखं सारखं सुजतंय. यातलं काही असेल तर महिने घालवू नका, आठवड्यांत हालचाल करा.

आणि तिसरं कारण म्हणजे मनाचं. 'हे माझं वाटत नाही', 'कोणी गालाला गाल लावला तरी भीती वाटते', 'फुटबॉल खेळता येत नाही'. ही पण खरीच कारणं आहेत, कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. फक्त या कारणासाठी काढत असाल तर एक काम करा, कारण लिहून सहा आठवडे कागद कपाटात ठेवा आणि मग परत वाचा. भांडणानंतर, साखरपुडा मोडल्यावर, फोटोखाली कोणी काही लिहिल्यावर घेतलेला निर्णय सहा आठवड्यांत बदलतो. दिवसातले तास आरशासमोर जात असतील, एका नाकावरून दुसऱ्या नाकाकडे मन धावत असेल, तर सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. बांबोळीलाच आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. यात वेड लागल्यासारखं काही नाही, उलट चांगले सर्जन स्वतःच हे विचारतात.

३. काढल्यावर काय, हे काढायच्या आधी ठरवा

सगळ्यात जास्त पस्तावा इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

इम्प्लांट काढलं की जुनं नाक परत मिळतं असं सगळ्यांना वाटतं. बरंचसं मिळतं, पण तंतोतंत तेच मिळेल असं कोणी लिहून देणार नाही. कातडी इतकी वर्षं ताणलेली असते, खालच्या हाडावर इम्प्लांटचा हलका खड्डा पडलेला असू शकतो, आणि आतली जखम भरताना आकसते तेव्हा शेंडा थोडा वर ओढला जाऊ शकतो. लवकर काढलेलं, इन्फेक्शन न झालेलं, फक्त सिलिकॉनच्या पट्टीचं नाक चांगलं बसतं. तीनदा इन्फेक्शन होऊन काढलेलं नाक तसं बसत नाही.

म्हणून रस्ते तीन:

फक्त काढायचं आणि जे उरेल ते स्वीकारायचं. मी हे केलं.

काढायचं आणि त्याच वेळी स्वतःचीच कूर्चा (मऊ हाड) घालायची. ती नाकाच्या मधल्या पडद्यातून, कानाच्या वाटीतून किंवा बरगडीतून घेतात. ऑपरेशन मोठं होतं, बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते, आणि जिथून घेतली तिथे अजून एक जखम.

काढायचं, सहा महिने ते वर्षभर थांबायचं, मग हवं तर दुसरं करायचं. इन्फेक्शन असेल तर बरेच सर्जन हाच सल्ला देतात.

काढून लगेच नवं सिलिकॉन घाला, ऑफर आहे, असं कोणी म्हणालं, आणि तेही इन्फेक्शन असताना, तर पर्स उचला आणि बाहेर या.

४. डॉक्टर निवडताना

ज्यांनी बसवलं त्यांच्याकडेच जावं का? त्यांना आत काय आहे ते माहीत असतं हा फायदा. पण संबंध बिघडलेले असतील, फोन उचलत नसतील, तर दुसरीकडे जायला लाजायचं काही कारण नाही. प्लॅस्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेले, नाहीतर ईएनटीमध्ये एमएस करून नाकाच्या ऑपरेशनांचा अनुभव असलेले बघा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिलेली पाटी म्हणजे सर्जन नव्हे. नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का तेही बघून घ्या.

कमीत कमी दोन मतं घ्या. आणि प्रश्न लिहून न्या, कारण खुर्चीत बसलं की सगळं विसरायला होतं:

तुम्ही नुसती काढायची ऑपरेशनं करता का, त्यांचे फोटो दाखवाल का? बसवलेल्यांचे फोटो नकोत.
आतून करणार की खालच्या खांबावर चीर देऊन?
भोवतीची पिशवी ठेवणार की काढणार? पातळ आणि निरोगी असेल तर काही सर्जन ती ठेवतात, तेवढीच कातडीखाली गादी राहते, खराब किंवा कडक झालेली असेल तर काढतात.
रिकाम्या जागेत रक्त किंवा पाणी साचू नये म्हणून काय करणार?
पू असेल तर कल्चरला (कुठले जंतू आहेत ते लॅबमध्ये बघायला) पाठवणार ना?
उघडल्यावर वेगळंच काही निघालं तर काय करणार?
रात्री अकराला रक्त यायला लागलं तर फोन कोण उचलणार?

शेवटच्या प्रश्नाला मला रिसेप्शनिस्टचा नंबर मिळाला, ते पुरेसं वाटलं नाही, मी दुसरा डॉक्टर बघितला.

ऑपरेशन मुंबई, पुणे किंवा बेळगावला करणार असाल तर निदान आठवडाभर तिथे राहायची सोय बघा. पहिली तपासणी दुसऱ्याच दिवशी असते, पट्टी पाच-सात दिवसांनी निघते. दुसऱ्या दिवशीच्या मांडवी एक्स्प्रेसने अप्पर बर्थवर चढत घरी येणं म्हणजे नाक वर आपटायची सोय. विमानाने कधी यायचं ते पण विचारूनच ठरवा, मोपा आणि दाबोळीचे विमानतळ कुठे पळून जात नाहीत.

५. पैशाचं, थोडक्यात

कोटेशन लेखी घ्या: सर्जन, भूल, थिएटर, तपासण्या, औषधं, नंतरच्या व्हिझिट. निव्वळ सौंदर्यासाठीच्या सर्जरीला १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून की वेगळा ते विचारा, नाहीतर बिलाच्या दिवशी तोंड बघण्यासारखं होतं.

विमा कंपन्या कॉस्मेटिक सर्जरी देत नाहीत हे खरं. पण आरोग्यविम्याच्या ठरलेल्या अटींमध्येच एक फट आहे, तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी गरजेचं असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लेखी दिलं तर ते या बंदीत धरत नाहीत. म्हणजे पू झालाय, कातडी फुटतेय, तर ते कागदावर स्पष्ट आलं पाहिजे. क्लेम मिळेलच असं नाही, पण न मागता नक्कीच मिळत नाही.

६. तारीख आणि आधीचे चार आठवडे

घाई नसेल तर तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. गणेश चवथीच्या आधी पंधरा दिवस काढलं तर माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधायला, करंज्या तळायला, पाहुण्यांना वाढायला तुम्हीच, आणि आल्यागेल्याचं 'कितें गो जालें नाकाक?' वेगळंच. शिगम्याच्या (आमच्या होळीच्या) आधी तर नकोच, गुलाल नाकात जातो आणि गर्दीत कोपर लागतं. मे महिन्यात घामाने पट्टी सुटते. पावसात घरोघरी सर्दी असते आणि ताज्या टाक्यांवर शिंक म्हणजे काय ते झाल्याशिवाय कळत नाही. मी नोव्हेंबर निवडला होता, तरी एक जत्रा आडवी आलीच, ते खाली सांगते.

चार आठवडे आधी: सिगारेट, व्हेप, गुटखा, मशेरी, तपकीर बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच पातळ झालेल्या शेंड्याच्या कातडीला रक्त कमी पडलं तर ती काळी पडू शकते. तपकीर ओढणारे काका लोक 'ही काय सिगारेट आहे का' म्हणतात, तीही तंबाखूच.

दोन आठवडे आधी: खाता ती प्रत्येक गोष्ट लिहून डॉक्टरांना दाखवा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, काही काढे, यांनी रक्त जास्त वाहू शकतं. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं हे खूप जणांच्या लक्षात येत नाही, पाळीत पोट दुखलं की आपण ती चॉकलेटसारखी खातो.

*थांबा: हृदयासाठी किंवा स्ट्रोकनंतर चालू असलेली रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्यांना विचारायचं.*

आठवडा आधी: रक्ताच्या तपासण्या, साखर, लागला तर ईसीजी. दारू बंद, फेणी पण दारूच. सर्दी, दातात पू, ओठावर फोड, नाकात पुळी यातलं काही असेल तर फोन करून सांगा आणि तारीख पुढे ढकला. नाकातली चमकी किंवा रिंग काढून ठेवा, आदल्या रात्री साबण लावून ओढत बसू नका.

घरात तयार ठेवा: दोन-तीन उशा, सलाइन स्प्रे, गॉज, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, पुढून बटण असलेले कपडे. डोक्यावरून काढायचा टी-शर्ट नाकावर घासतो, हे मला नर्सने सांगितलं नसतं तर मी तोच घालून गेले असते.

घरात निदान एका माणसाला खरं काय ते माहीत असू द्या. शेजाऱ्यांना 'सायनसचं ऑपरेशन' सांगितलंत तरी माझी काही हरकत नाही, मी पण तेच सांगितलं. पण हॉस्पिटलच्या फॉर्मवर आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं, तंबाखू, दारू, आधीची ऑपरेशनं, फिलर, सगळं.

७. ऑपरेशनचा दिवस

पूर्ण भूल किंवा झोपेचं इंजेक्शन असेल तर साधारण सहा तास आधी खाणं बंद आणि दोन तास आधी पाणी पण बंद, नेमकी वेळ तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील. 'फक्त चहा घेतला' हे चालत नाही, त्यात दूध असतं. फक्त जागा बधिर करून करणार असतील तरी विचारून खा.

संमतीचा फॉर्म वाचूनच सही करा. त्यात काय काढणार, नवीन काही घालणार की नाही, आणि वेगळं काही सापडलं तर कुठपर्यंत जायची परवानगी आहे ते असलं पाहिजे. मला फॉर्मवर 'इम्प्लांट काढणे आणि गरज पडल्यास पुनर्रचना' असं छापील दिसलं, मी पुनर्रचना खोडून बाजूला सही केली. सर्जनना राग वगैरे काही आला नाही.

जागेपणी केलं तर दुखत नाही, पण ओढल्यासारखं आणि हाडावर खरवडल्यासारखं जाणवतं आणि तो आवाज डोक्यात घुमतो. घाबरायचं नाही. काढलेल्या तुकड्याचा फोटो मागा आणि डिस्चार्जच्या कागदावर 'पूर्ण काढलं' की 'काही भाग राहिला' ते लिहून घ्या.

घरी जायला गाडी बघा. स्कूटरवर मागे बसून नको, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) तर अजिबात नको. आपल्या रस्त्यांवरचा एक खड्डा पुरे.

८. पहिले सात दिवस

झोप पाठीवर, डोकं उंच, साधारण ३० ते ४५ अंश. कुशीवर वळायची सवय असेल तर दोन्ही बाजूंना उशा लावा.

बर्फ कपड्यात गुंडाळून गालांवर आणि डोळ्यांभोवती, दहा-पंधरा मिनिटं, पहिले दोन दिवस. नाकावर ठेवायचा नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, म्हणजे ऑपरेशनच्या दिवशीपेक्षा नंतर वाईट दिसणं नॉर्मल आहे. डोळ्यांखालचं निळं पुढे हिरवं-पिवळं होत साधारण दोन आठवड्यांत जातं.

पट्टी ओली करायची नाही आणि 'जरा बघते' म्हणून उचलायची नाही. तिचं काम रिकाम्या झालेल्या जागेवर कातडी चिकटवून ठेवायचं असतं. सुटली तर घरी सेलोटेप लावू नका, फोन करा.

नाक शिंकरायचं नाही, निदान दोन आठवडे. शिंक आली तर तोंड उघडून 'हाक्क' करून बाहेर काढायची, दाबायची नाही. सलाइन आणि मलम सांगितलं असेल तसंच. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा.

आता घरच्यांचं. आई वाफ घ्यायला सांगेल, मावशी जलनेतीचं भांडं आणून देईल, आजी नाकात कोमट तूप किंवा तेल सोडायला सांगेल, कोणी बाम चोळेल, कोणी हळद लावेल. सगळ्यांना प्रेमाने नाही म्हणा. गरम वाफेने रक्त परत सुरू होऊ शकतं, तेल-तूप टाक्यांवर घाण धरतं, आणि विहिरीचं न उकळलेलं पाणी तर बऱ्या नाकात पण घालू नये.

खायला मऊ आणि कोमट. उकडी तांदळाची पेज, मऊ शीत-कडी, खिचडी, केळं. तिखट शागुतीने नाक वाहायला लागतं, ती पुढच्या आठवड्यात. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव चहात बुडवून चालतो, पण उंडो (कडक पाव) पुढच्या दातांनी तोडायचा नाही, त्यात वरचा ओठ ओढला जातो आणि त्याच्याबरोबर शेंडा. माझी जत्रा आठवली का? सहाव्या दिवशी भावाने खाजं (जत्रेतला कडक गोड खाऊ) आणलं, मी एकच तुकडा दातांनी कडकन तोडला आणि शेंड्यात अशी कळ गेली की खाजं तिथेच टाकलं, रात्रभर झोप नाही. नशिबाने काही बिघडलं नव्हतं.

*लगेच फोन किंवा हॉस्पिटल: १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप, पू, कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारी लाली किंवा दुखणं, नाक अचानक फुगून मऊ लागणं, दोन्ही नाकपुड्या आतून गच्च आणि ठणका, शेंड्याची कातडी पांढरी, जांभळी किंवा काळी, पुढे वाकून पंधरा-वीस मिनिटं हलकं दाब देऊन पण न थांबणारं रक्त.*

९. पट्टी निघाल्यावर: दुसरा ते सहावा आठवडा

बाहेरचे टाके असतील तर साधारण पाच-सात दिवसांनी काढतात, आतले विरघळतात.

पट्टी निघते त्या दिवशी गंमत होते. नाक बरं दिसतं! सूज असते ना, ती इम्प्लांटसारखीच उंची देते. मग सूज उतरायला लागते आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास रेघ चपटी, शेंडा कडक आणि जरा वर ओढलेला, एक बाजू दुसरीपेक्षा जाड असं काहीतरी दिसतं. याच दिवसांत बायका रडतात आणि याच दिवसांत दुसऱ्या सर्जनची अपॉइंटमेंट घेतात. घेऊ नका. मी रात्री दोनला फोनच्या टॉर्चने बाजूचे फोटो काढून झूम करत बसायचे, शेवटी नवऱ्याने फोन लपवला.

माझा नियम नंतर असा झाला: दर रविवारी सकाळी, त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून तीन फोटो, आणि मग बंद. सेल्फी नको, जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठंच दिसतं.

चष्मा नाकावर ठेवायचा नाही, चार ते सहा आठवडे. टेपने कपाळाला लटकवून ऑफिसला गेले मी, दोन दिवस हसले लोक, मग सवय झाली. फुल फेस हेल्मेट चढवताना नाकावर घासतं, तोवर बस किंवा कार. वजन उचलणं, जिम, घागर-बादल्या तीन-चार आठवडे नाहीत. समुद्रात, नदीत, स्विमिंग पूलमध्ये डुबकी डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. फुटबॉल दोन महिने तरी विसरा. दुपारच्या उन्हात टोपी आणि निदान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, नाहीतर लाली डाग बनून राहते.

नथ! लग्नसराईत हे कोणी सांगत नाही. दाबाची नथ नाकपुडीला चिमटा काढते, दोन-तीन महिने ती नको, आणि टोचलेल्या नाकात परत चमकी घालायची तर आधी दाखवून घ्या.

मसाजचे व्हिडिओ बघून नाक चोळू नका. काही जणांना डॉक्टर मसाज सांगतात, काहींना अजिबात नाही, आतली जखम कशी भरतेय त्यावर आहे ते.

१०. तीन महिने ते वर्ष

तीन महिन्यांच्या आसपास आतला व्रण सगळ्यात कडक लागू शकतो, नंतर हळूहळू मऊ होतो. शेंडा बधिर वाटणं, थंडीत झिणझिण्या, सकाळी जरा जास्त सूज, हे चालायचं. नाक सारखं आखूड होत चाललंय, श्वास एका बाजूने अडकतोय असं वाटलं तर मात्र तपासणीची वाट न बघता जा, वेळेत गेलं तर त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात.

दुसरं ऑपरेशन करायचंच असेल तर सहा महिन्यांच्या आत तो विषय काढू नका, वर्ष थांबलात तर आणखी बरं. आणि जाताना नवीन डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जाऊ नका: जुनी ऑपरेशन नोट, काढल्याची नोट, तुकड्याचा फोटो, कल्चर केलं असेल तर त्याचा रिपोर्ट आणि ते रविवारचे फोटो, तारखेप्रमाणे लावून. माझी ही फाइल अजून कपाटात आहे, साड्यांच्या खाली, आणि तिच्या दोन झेरॉक्स भावाकडे.